अकरा एकांची संख्या

आमच्या शेजारचे दामूकाका उबाळे गेले त्याला आज दीड महिना झाला. ते असेपर्यंत तोंड बंद ठेवायचं, असा शब्द मी त्यांना दिला होता. माझं, या संघरत्नाचं, तोंड बंद राहिलं ही भिवंडीच्या टेमघरात छापून यावी अशी बातमी आहे. महापालिकेत, पोलीस चौकीत, रेशनच्या रांगेत मी आजवर कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. ही एक गोष्ट मात्र दीड वर्ष गिळून बसले. काका गेले, शब्द फिटला, आता लिहिते.

दामूकाका पॉवरलूमच्या कारखान्यांत तारा ओवायचे. ज्यांनी लूम फक्त रस्त्यावरून ऐकलाय त्यांच्यासाठी सांगते. कापडाचे उभे धागे एका जाड रुळावर गुंडाळलेले असतात, त्याला बीम म्हणतात. नवा बीम लावायचा तर त्यातली एकूण एक तार फणीच्या दातांमधून ओवून घ्यावी लागते. साध्या कापडाला दोन-अडीच हजार तारा. काम जोडीचं. एकजण मागं बसून तार सुटी करून देतो, दुसरा पुढं बसून फणीतून हूक घालतो आणि ती ओढून घेतो. मधे तारांचा पडदा, त्यामुळे एकमेकांचं तोंडही धड दिसत नाही. नुसते हात दिसतात.

या कामाचा एक कायदा आहे. घेणाऱ्यानं देणाऱ्याला विचारायचं नाही. 'हीच ना? पुढची तर नाही ना?' करत बसलात तर बीम आठवडाभर उतरणार नाही. दिली ती तार बरोबर. चुकली तर कापडावर ठाणभर, म्हणजे अख्ख्या ताग्याभर, लांब रेघ पडते, तेव्हा कळतं, आणि तेव्हा बोंबलून उपयोग नसतो.

बायका या कामात नसतातच. पण काकांचा जोडीदार गावी गेला तो परतलाच नाही, तेव्हा कलावतीकाकू दोन दिवसांसाठी म्हणून बीममागं बसल्या आणि एकोणीस वर्षं बसल्या. कारखानदार आधी हसले. एक चाचा म्हणायचा, "दामू, घर में भी ये, काम पे भी ये, तू जिंदा कैसे है?" काकू बीममागून बोलायच्या, "चाचा, तार मैं देती हूँ, इसलिए जिंदा है." मग हसणारेच पहिल्यांदा याच जोडीला बोलवायला लागले, कारण यांच्या बीमवर रेघ पडत नसे.

काका चौथीत शाळेतून निघालेले. काकू नववी शिकल्या होत्या आणि गणितात वर्गात पहिल्या. दोन मुलं, थोरली स्नेहल आणि धाकटा मिलिंद.

मिलिंद बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. गणित घेतलं होतं. सुट्टीत पडघ्याच्या एका गोडाऊनला कामाला जायचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये हायवेवर एका कंटेनरनं त्याच्या मोटरसायकलला मागून उडवलं. एकवीस वर्षांचा होता. त्या केसच्या मागं मी दोन वर्षं धावले. कंटेनर सापडला नाही, ड्रायव्हर सापडला नाही. त्यावर लिहायला बसले तर हा कागद जळेल, म्हणून सोडते.

दामूकाका बोलायचे बंद झाले. बंद म्हणजे बंद. कामावर 'दे' एवढा एक शब्द, बाकी काही नाही. घरी आले की भिंतीकडं तोंड करून बसायचे. चौदा महिने. त्यात दोनदा असं झालं की काका दुपारी कामावरून नाहीसे झाले आणि सापडले ते पडघ्याला, हायवेच्या कडेला, जिथं मिलिंद पडला होता त्या जागेवर. ट्रक अंगाला वारा लावून जातायत आणि हा माणूस पांढऱ्या पट्ट्याच्या आत उभा. दुसऱ्या वेळेला मी काकूंबरोबर होते. काकूंनी त्यांचा हात धरला, शेअर रिक्षात बसवलं. घरी आल्यावर मोरीत तोंड धुताना मला म्हणाल्या, "रत्ना, तिसऱ्यांदा मला उशीर होईल गं."

मग वही सापडली.

मिलिंदची कॉलेजची वही, मागच्या पानावर त्याचा खेळ. फक्त एक हा आकडा वापरून संख्या लिहायच्या आणि त्या तोडायच्या. दोन एक, अकरा: कशानंच भाग जात नाही, तुटत नाही. तीन एक: तीन गुणिले सदतीस, तुटली. चार एक: अकरा गुणिले एकशे एक. पाच एक: एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एकांपाशी त्यानं बराच वेळ घालवलेला दिसत होता, खाडाखोड खूप, शेवटी २३९ गुणिले ४६४९. असं करत दहापर्यंत सगळ्या तोडल्या होत्या. अकराव्या ओळीत अकरा एक ओळीनं उभे, पुढं बरोबरचं चिन्ह, त्यापुढं काही नाही. खाली लिहिलं होतं: 'मोबाइल नाही वापरायचा. हाताने.'

अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा.

काकूंनी ते पान काकांसमोर धरलं. काकांनी बोटानं अकरा एक मोजले. मग चौदा महिन्यांनी पहिलं वाक्य बोलले.

"हे तुटतं का न्हाय?"

"ते कसं सांगू? भागून बघाया लागंल," काकू म्हणाल्या.

"कितीनं?"

"सगळ्यांनी."

सगळ्यांनी म्हणजे किती, हे काकूंनी दोन दिवस डोकं लावून काढलं. भागायचं फक्त मूळ संख्यांनी, म्हणजे ज्या स्वतः तुटत नाहीत त्यांनी. संख्या दोन तुकड्यांत तुटणार असेल तर धाकटा तुकडा एक लाख पाच हजार चारशे नऊच्या पुढं जाऊ शकत नाही, कारण त्याच्या पुढच्या दोन संख्यांचा गुणाकार या अकरा एकांच्या वर जातो. तोवरच्या सगळ्या मूळ संख्या घ्यायच्या. एकूण दहा हजारांच्या वर. एकानंही भाग गेला नाही तर मिलिंदची संख्या न तुटणारी. गेला तर खेळ तिथंच संपला.

मी म्हटलं, "काकू, मोबाइलवर दोन सेकंदांत कळेल."

काकूंनी माझा मोबाइल उपडा ठेवला. "पोरानं न्हाय म्हणून लिवलंय."

फेब्रुवारी २०१८ मध्ये काम सुरू झालं. कामाची वाटणी आपसूक झाली. ठाणांना गुंडाळायचा खाकी कागद आणून काका त्यावर आकडे मांडायचे आणि तुटणारे खोडत जायचे. दोनाचे पाढे खोडा, तिनाचे खोडा, पाचाचे खोडा. उरतात त्या मूळ. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर चहा व्हायचा, मग काका यादीतली पुढची संख्या मोठ्यानं वाचायचे, काकू समोर बसून वहीत भागाकार मांडायच्या. बाकी उरली की काकू म्हणायच्या, "उरलं." काका यादीवर टिंब द्यायचे आणि पुढची वाचायचे. रोज सात, कधी आठ. काकूंनी केलेला भागाकार काकांनी एकदाही उघडून पाहिला नाही. घेणाऱ्यानं देणाऱ्याला विचारायचं नाही.

आणि माणूस बोलायला लागला. आधी नुसते आकडे. मग आकड्यांबद्दल. "आजचा आकडा लय वंगाळ दिसतो." मग शेजारच्या पोरांना ओरडणं, मग चहात साखर कमी म्हणून कुरकुर. काकू ती कुरकुर ऐकून आत जाऊन रडल्या होत्या, मी पाहिलंय. साखर त्यांनी दुसऱ्या दिवशीही कमीच टाकली.

स्नेहलचं लग्न झालं होतं, कल्याणला दवाखान्यात नोकरी. ती दर महिन्याला वह्यांचा गठ्ठा आणून द्यायची. "बाबा, तुमचं पीएच.डी. कुठवर आलं?"

"तीस हजारांच्या म्होरं हाय."

"तुटली का?"

"आपल्या पोराचा आकडा हाय. असा तुटंल व्हय!"

मधल्या काळात लॉकडाऊन आला, कारखाने बंद पडले. नंतर काकूंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिथून आल्या की माणूस चिपाडासारखा होतो, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. काका म्हणायचे, राहू दे आज. काकू म्हणायच्या, वाचा. हाताला सुया टोचून टोचून सूज, तरी वहीतल्या ओळी फणीसारख्या सरळ.

२०२१च्या डिसेंबरमध्ये शेवटची संख्या झाली. "उरलं," काकू म्हणाल्या. दामूकाका गल्लीत आले आणि दिसेल त्याला सांगत सुटले, "न्हाय तुटला! मिलिंदचा आकडा न्हाय तुटला!" अर्ध्या लोकांना वाटलं म्हाताऱ्याला लॉटरी लागली. मी पेढे आणले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, पेढा हातात तसाच. मी म्हटलं, काकू, आता आराम. त्या म्हणाल्या, "ह्यांना आता संध्याकाळी काय देऊ गं?" मला वाटलं चहापाण्याचं बोलतायत.

मार्च २०२२ मध्ये काकू गेल्या. जायच्या आठ दिवस आधी काकांना म्हणाल्या होत्या, "माज्या माघारी त्या वह्या एकदा चाळा." काकांनी त्यांचा हात दाबला. "तुझं काम म्या तपासू?"

काका मात्र या खेपेला पडघ्याला गेले नाहीत. ते ताठ होते. त्यांच्याकडं न तुटणारी संख्या होती, मुलानं काढलेली, बायकोनं सिद्ध केलेली. दहा हजार भागाकारांच्या एकतीस वह्या पत्र्याच्या पेटीत, ओळीनं.

आता माझा गुन्हा सांगते.

काकूंच्या दुसऱ्या पुण्यानुमोदनाला, मार्च २०२४ मध्ये, मी ठरवलं की हे जगाला कळलं पाहिजे. वस्तीतलं वाचनालय मी चालवते. आमच्यात पुण्यानुमोदनाला गेलेल्या माणसाच्या नावानं दान देतात. काकांनी वाचनालयाला पुस्तकं दिली. मी त्यावर कडी केली: संगमरवरी पाटी. त्यावर कोरून घेतलं: '११,११,११,११,१११. ही संख्या न तुटणारी आहे, हे टेमघरच्या कलावती व दामू उबाळे या कामगार दांपत्याने स्वहस्ते सिद्ध केले. मिलिंदच्या स्मरणार्थ.' पाहुणे म्हणून एका कॉलेजात गणित शिकवणारे देवेश सर बोलावले. तरुण माणूस, इथल्याच शेतकरी घरातला, साधा. त्यांनी आठ दिवस आधी फोन केला होता.

"मॅडम, संख्या कोणती ते पाठवता का? म्हणजे मला बोलायला बरं पडेल."

आणि मी काय म्हटलं? "सर, कार्यक्रमाला या, तिथंच बघा. आमच्या माणसांनी हातानं दहा हजार भागाकार केलेत. त्याला तुमचा शिक्का नको."

'शिक्का नको' म्हणताना मला फार बरं वाटलं होतं. सातवी नापास बाईला प्रोफेसरला सुनवायला बरं वाटतं. ते एक मिनिटाचं बरं वाटणं फार महागात पडलं.

कार्यक्रमाला हॉल भरलेला. त्रिशरण, पंचशील झालं. मी पाटीवरचं कापड काढलं. टाळ्या. देवेश सर पाटीकडं बघत राहिले. मग खिशातून मोबाइल काढला, काहीतरी पाहिलं, आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "मॅडम, जरा बाहेर येता? दोन मिनिटं."

मला वाटलं, आला याचा शहाणपणा. मी माइकसमोरच म्हटलं, "काय असेल ते सगळ्यांसमोर बोला सर. इथं कुणी कुणापासून लपवत नाही."

"नको मॅडम. बाहेर बोलू."

"बोला!"

त्यांचं तोंड उतरलं. काकांकडं वळून म्हणाले, "काका, माफ करा. मला फार वाईट वाटतंय. ही संख्या... तुटते."

काका पुढं झुकले.

"कितीनं?" दामूकाकांनी विचारलं.

"एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. आणि दुसरा तुकडा पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस."

मी भडकले. मोबाइल खोटं बोलतो, तुमची यंत्रं खोटी, आमची बाई डायलिसिसवरून उठून भागाकार करत होती, असं बरंच काही बोलले. काका मधेच उठले. "सर, पुन्ना सांगा." सरांनी सांगितलं. काकांनी पेन मागून घेतलं, आकडा तळहातावर लिहिला आणि हॉलमधून निघाले. मी मागं.

घरी पेटी उघडली. प्रत्येक वहीवर काकूंनी कुठून कुठवर ते लिहिलेलं. आठवी वही. काका पान उलटत होते, बीमची तार शोधतात तशी पानं अचूक सुटत होती. २१६४९ सापडली.

आम्ही दोघांनी तो भागाकार वरून खालपर्यंत वाचला. मला भागाकार येतो, तेवढं मी शिकले. पहिली पायरी बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी, चौथी, पाचवी बरोबर. शेवटच्या पायरीला उरलेले १९४८४१. त्यात २१६४९ नेमके नऊ वेळा जातात, बाकी शून्य. काकूंनी आठच वेळा घेतले होते. १७३१९२. वजा केले होते. बाकी लिहिली होती: २१६४९.

ज्यानं भागायचं, तेवढीच बाकी. चौथीतलं पोर सांगेल की बाकी एवढी राहूच शकत नाही, अजून एकदा भाग जातो. काकूंना ते कळत नव्हतं? ज्या बाईनं दहा हजार भागाकार केले तिला? ती चूक नव्हती. गुणाकार खरा होता, वजाबाकी खरी होती, 'उरलं' म्हणाल्या तेही खरं होतं. एका पायरीवर हात आखडता घेतला, बस्स. आणि असा घेतला की पान उघडणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसावं. उघडायचं मात्र एकाच माणसानं होतं, आणि तो उघडणार नव्हता.

पानाच्या कोपऱ्यात तारीख होती, काकू प्रत्येक पानावर घालायच्या. १७ जानेवारी २०१९.

मला ती तारीख पाठ आहे. सोळा जानेवारी मिलिंदचा वाढदिवस. त्या दिवशी काका वर्षभरानंतर पुन्हा, तिसऱ्यांदा, पडघ्याला गेले होते. मी आणि काकू रिक्षानं धावलो होतो. काका पट्ट्याच्या आत उभे होते, पाठ ट्रकांकडं. काकूंना उशीर झाला नाही, पण फार थोडक्यात. घरी आणून त्यांना झोपवलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी चहा केला आणि म्हणाल्या, वाचा.

आणि काकांनी वाचली ती ही संख्या.

भाग गेला असता तर खेळ त्या संध्याकाळी संपला असता. मिलिंदचा आकडा तुटला असता, काकांच्या हातातली यादी संपली असती, आणि समोर पुन्हा भिंत. काकूंनी आठ लिहिलं. त्यानंतर जवळपास तीन वर्षं रोज संध्याकाळी बसून, सुजलेल्या हातानं, त्यांनी अजून साडेसात हजार भागाकार केले. प्रत्येक भागाकार करताना त्यांना माहीत होतं की याची गरज नाही. एकही अर्धा सोडला नाही. एकही चुकवला नाही.

काकांनी त्या पानावर हात ठेवला. मग म्हणाले, "मला ठेवून घ्यायला केलं गं तिनं."

मी रडत होते. मी म्हटलं, "काका, चला, हॉलमध्ये सांगू या. यापेक्षा मोठं काय असतं?"

"न्हाय." ते उठले. वही कापडी पिशवीत घातली, पिशवी खांद्याला. "लोक म्हणतील बाईनं फसवलं. नवऱ्याला फसवलं, पोराच्या नावाला फसवलं. म्या हाय तोवर तू बोलायचं न्हाय. शब्द दे."

मी कुणाला शब्द देत नाही. त्यांना दिला.

हॉलमध्ये लोक पानावर बसले होते. काका मधोमध उभे राहिले. "सर खरं बोलले. आकडा तुटतो. चूक माजी हाय. यादी म्या वाचायचो. ह्यो आकडा म्या वाचलाच न्हाय, गाळला. कलावतीकडं तो आलाच न्हाय."

स्नेहल पाणी वाढत होती. तिनं हातातला पाण्याचा जग खाली ठेवला.

"गाळला? बाबा, एक आकडा वाचायचा होता तुम्हाला! तेवढंच काम होतं! आई सुया काढून येऊन बसायची, हात सुजलेला असायचा, आणि तुम्ही आकडा गाळलात?"

"गाळला," काका म्हणाले.

"तिची चार वर्षं होती ती. शेवटची चार. आणि तुम्ही..." ती चपला घालून निघून गेली. दारापर्यंत मी गेले. तोंडाशी आलं होतं. मागं पाहिलं तर काका माझ्याकडंच बघत होते.

स्नेहल परत आली नाही. फोन केला तर जावई उचलायचा. नाक्यावर लोकांनी तोंडसुख घेतलं. "म्हातारीनं डोंगर खोदला, म्हाताऱ्यानं वाट चुकवली." एका कारखानदारानं काकांना बीमवर घ्यायचं बंद केलं, म्हणाला, आकडा गाळणारा तार पण गाळेल. एकोणीस वर्षांत ज्याच्या बीमवर रेघ पडली नाही त्याला! मी त्या कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले, तोंड उघडलं आणि तसंच मिटून परत आले. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा.

देवेश सर मात्र दर पंधरवड्याला यायचे. एकदा त्यांनी सांगितलं की अशा अकरा एकांना भाग जाऊ शकतो तो फक्त बावीसनं भागल्यावर एक उरतो अशाच मूळ संख्यांनी. दहातल्या नऊ आधीच सोडून देता आल्या असत्या.

काकांनी ते तीनदा समजावून घेतलं. "म्हंजी चार म्हयन्यांचं काम हुतं?"

"तितकंच, काका."

"आमाला ठाव न्हवतं ते बरं झालं."

सर जाताना वह्या मागायला लागले. म्हणाले, "कॉलेजात ठेवू. दहा हजार भागाकार, मी वाट्टेल तिथं उघडून तपासले, एक चूक सापडली नाही." काकांनी तीस वह्या दिल्या. सरांनी मोजल्या. "आठवी नाही यात." काका म्हणाले, "भिजली." सरांनी एकदा काकांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. शहाणा माणूस. मी त्याला 'शिक्का नको' म्हटलं होतं.

काका २०२५च्या ऑगस्टमध्ये चक्कर येऊन पडले. हॉस्पिटलात चार दिवस होते. स्नेहलला मी कळवलं. ती निघाली, पण पोचली तेव्हा काका गेले होते. आठवी वही त्यांनी आदल्या दिवशी माझ्याकडं दिली होती. काय करायचं ते सांगितलं नाही. बोलायची ताकद नव्हती, किंवा सांगायचं नव्हतं.

सगळे विधी झाल्यावर स्नेहल खोली आवरायला आली. मी वही घेऊन गेले. पान उघडून तिच्या हातात दिलं. तिनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. मग खाली बसली. बोटानं एकेक पायरी उतरत गेली, शेवटच्या पायरीला बोट थांबलं.

"हे आठ कसं?" ती म्हणाली. "आईनं आठ कसं घेतलं? आईला हे तोंडपाठ..."

मग तिनं तारीख पाहिली. सोळा जानेवारीला काय झालं होतं ते तिला काकूंनीच फोनवर सांगितलं होतं. मला काही सांगावं लागलं नाही.

खाली कुणाच्या तरी कारखान्यात लूम सुरू झाले.

"बाबांना कधी कळलं?"

"कार्यक्रमाच्या दिवशीच. सर बोलले, आणि आम्ही घरी येऊन पाहिलं."

"म्हणजे मी बोलले तेव्हा..."

"तेव्हा वही त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होती."

तिनं वही मिटली. माझ्याकडं पाहिलं. "आणि तुम्हाला माहीत होतं, रत्नाताई."

"मी शब्द दिला होता."

"दीड वर्ष! कल्याण काय लांब आहे? तुम्ही सगळ्या भिवंडीशी भांडता ताई. माझ्यासाठी एक शब्द मोडता आला नाही तुम्हाला?"

मी पत्र्याची पेटी तिच्याकडं सरकवली.

तिनं बाकी कशाला हात लावला नाही. वही पर्समध्ये मावेना, छातीशी धरून ती जिना उतरली. मी रिक्षा स्टँडपर्यंत मागोमाग गेले. कल्याणची शेअर रिक्षा भरायला दोन माणसं कमी होती, ती आत बसून वाट बघत होती. मी बाहेर उभी. माणसं आली, रिक्षा भरली, निघाली.